दगड असेल गं

पेंचला जायचं म्हणजे वाघ, एवढं एकच डोक्यात धरून आम्ही चौघी नागपूरहून निघालो आणि निघता निघता उशीर झाला (कुणामुळे ते इथे लिहित नाही, ती वाचेल). फेब्रुवारीचा शेवट होता, पळस फुलायला लागला होता, पण तो दुसऱ्या दिवशी दिसला, कारण मनसर येईपर्यंतच काळोख झालेला. नॅशनल हायवे 44, म्हणजे जुना सात नंबर, आता चौपदरी आणि असा गुळगुळीत की किती स्पीडने चाललोय ते कळतच नाही. गाडी मी चालवत होते. देवलापारच्या आसपास रस्ता मध्येमध्ये पुलांवर चढतो आणि त्यांच्या खाली नदीबिदी काही नाही, नुसतं जंगल आहे, पण हे मला तेव्हा कुठे माहीत, मी गाणी बदलत होते.

खवासाला हायवे सोडून तुरिया गेटकडे वळलो. हा रस्ता छोटा, दोन्हीकडे झाडी, दहा-बारा किलोमीटरचा मामला. रस्ता बदलला पण माझा पाय हायवेवरच राहिला होता. एका वळणानंतर लाइटच्या झोतात काहीतरी करडं आलं आणि बाजूला व्हायचं सोडून गाडीच्या पुढेच सरळ धावत सुटलं, मग एकदम उजवीकडे, परत डावीकडे, आणि चाकाखाली बारीकसा धक्का. बारीक म्हणजे किती, तर डॅशबोर्डवरचा मोबाइल सरकलासुद्धा नाही. मी ब्रेकवर पाय ठेवला पण दाबला नाही. मागून आवाज आला, "दगड असेल गं." मी म्हटलं, हो, दगडच. दगड असा पळत नाही हे गाडीतल्या चौघींनाही माहीत होतं.

पहाटे बाकीच्या तयार होत होत्या तेव्हा टॉर्च घेऊन मी एकटीच गाडीपाशी गेले. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला केस चिकटले होते, मऊ, तपकिरी. बाटलीतलं पाणी ओतून धुऊन टाकले आणि सफारीला गेले.

आणि सफारीत आम्ही कशा होतो माहितीये? फोन सायलेंट, एकमेकींशी खाणाखुणांनी बोलणं, एकीची लाल ओढणी गाइडने बॅगेत टाकायला लावली ती तिने निमूट टाकली. जिप्सी रांगत होती. एक चितळ रस्त्यात उभं राहिलं तर ते जाईपर्यंत इंजिन बंद करून सगळे थांबलो, आणि आमच्या मागे आणखी तीन जिप्स्या थांबल्या, कुणी हूं की चूं केलं नाही. पांढऱ्याफटक कुल्लूच्या झाडाखाली रानकुत्र्यांची टोळी दिसली, वाघ काही दिसला नाही. मला सारखं एवढंच वाटत होतं की गेटच्या आत आम्ही चितळाला वाट देतो कारण तिथे तसा नियम आहे, आणि गेटच्या बाहेरचा ससा मात्र दगड.

परत येताना गाइडला सहज विचारलं, इथे गाडीखाली जनावरं येतात का हो? तो म्हणाला, हायवेवर आता कमी झालंय, "ऊपर आप लोग, नीचे वो लोग." मग त्या पुलांचं कळलं. घरी येऊन अजून वाचलं. रस्ता रुंद करायचं काम कोर्टकचेरीत बरीच वर्षं अडकलं होतं, शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांसाठी 9 ठिकाणी खालून वाट ठेवली, त्यातली सगळ्यात लांब 750 मीटरची. 2019 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तर 18 जातींचे प्राणी ये-जा करताना दिसले आणि वाघांची नोंद तर 89 वेळा झाली. खवासाच्या पुढे सिवनीकडे जाताना रस्त्याच्या कडेने उंच पत्रेच उभे केलेत, हॉर्न आणि लाइट जंगलात जाऊ नयेत म्हणून. मला हे सगळं फार आवडलं, खोटं कशाला बोलू. पण आवडण्याचं एक कारण हेही होतं की असा पूल असला की माझ्यावर काहीच राहत नाही. मी वरून शंभरने गेले काय आणि दीडशेने गेले काय, खालचा वाघ सुखरूप. तुरियाच्या रस्त्याला असा पूल नाही, आणि ससा 89 वेळा गेला काय अन् एकदा गेला काय, कोण मोजतंय.

निघायच्या दिवशी सकाळी ते वळण शोधलं. तिथे काहीच नव्हतं, डाग म्हणावा तर तो ऑइलचाही असेल. रात्रीतून कोल्ह्याने नेला असेल, नाहीतर पहाटे कावळ्यांनी. चला, कुणाचं तरी पोट भरलं, जंगलात काही वाया जात नाही, असा विचार लगेच मनात आला आणि मला स्वतःचीच चीड आली, कारण हा विचारही त्या दगडाच्याच जातीतला. कोल्ह्याला भूक होती. मला कसली घाई होती? रिसॉर्टवर पोचून आम्ही फक्त झोपलो होतो!

गाडी कडेला का घेतली, बाकीच्या विचारायला लागल्या. मी म्हटलं, परवाचा तो ससा होता.

"माहितीये," मागून तोच आवाज आला. "माझ्या खिडकीतून दिसला होता."

मग खवासापर्यंत कुणी बोललं नाही. मी चाळीसच्या वर गेले नाही आणि मागून एक एसयूव्ही सारखी हॉर्न मारत होती, शेवटी ओव्हरटेक करून गेली, जाताना आतल्या माणसाने हातवारे पण केले.