बूस्ट मीटर शून्याखाली, तरीही मॅनिफोल्डमधली हवा शंभर अंशांवर

1999 ची जीप रँग्लर, 4.0 लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, आणि त्यावर काकांनी स्वतःच्या हातांनी बसवलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा ब्लोअर. तक्रार एकच होती. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट पळायची. पण लो रेंजमध्ये, म्हणजे सावकाश पण जोर देणाऱ्या गिअरमध्ये, दगडधोंड्यांवरून बराच वेळ रांगत गेलं, की पुढच्या उभ्या चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन ठोकायला लागायचं, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप पेटून खडखडायचं. याआधी दोन गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले होते, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून झालं होतं. ठोकणं थोडं उशिरा सुरू व्हायचं, एवढाच फरक.

“माझं काम चुकलं असेल तर तसं सांग, पण सुपरचार्जर उतरवून ठेवायला सांगू नकोस,” काका म्हणाले. त्यांना ही गाडी उंच डोंगरांत न्यायची होती. समुद्रसपाटीला हवेचा दाब 101 किलोपास्कल असतो, 3000 मीटरवर तो 70 च्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश हवा डोंगरच काढून घेतो. सुपरचार्जर बसवायला याहून प्रामाणिक कारण मला माहीत नाही. टर्बोला एक्झॉस्टचा जोर लागतो. रूट्स पद्धतीचा ब्लोअर पट्ट्यावर फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा पुढे ढकलतो, त्यामुळे 1500 आरपीएमलाही तो हजर असतो. दगडांवर गाडी चढवताना नेमकं हेच हवं असतं.

काकांचा ब्लोअर ईटनचा एम 90 होता, दुसऱ्या गाडीवरून काढलेला. नावातले 90 म्हणजे घनइंच. एका फेऱ्याला तो साधारण दीड लिटर हवा ढकलतो. चार लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात फार तर दोन लिटर गिळतं. ब्लोअर क्रँकच्या पावणेदोन पट वेगाने फिरेल अशी पुली काकांनी निवडली होती. बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, जास्तीत जास्त 5 पीएसआयच्या आसपास. या इंजिनाला शोभेल असा संयमी आकडा.

मी आधी इंजिनाकडेच वळलो. जुन्या इंजिनावर बूस्ट चढवण्याआधी त्याची तब्येत पाहायची, हा माझा न मोडणारा नियम आहे. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरमध्ये 135 ते 145 पीएसआय, गळती नाही. मग इंधन. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्यावर बूस्ट गेला की कॉम्प्युटरला तो दिसतच नाही, आणि पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळतात. पण काकांनी दोन बारचा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि वेगळा कॉम्प्युटर बसवला होता. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून चढावर नेली, तर भर बूस्टमध्ये एका भाग पेट्रोलला 11.8 भाग हवा. अगदी हवं तसं. दोन्ही मोठे संशयित सुटले. गाडी थोडी तापल्याशिवाय ठोकत नाही, म्हणजे गुन्हेगार उष्णता. पण रेडिएटरचं पाणी तर नॉर्मल होतं.

मग ब्लोअरच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच तापमानाचा प्रोब घातला आणि लो रेंजमध्ये रांगायला निघालो. बूस्ट मीटरचा काटा शून्याच्या खाली, म्हणजे व्हॅक्यूम. कुणीही म्हणेल, ब्लोअर आत्ता काही करत नाहीये. इकडे प्रोबवरचा आकडा चढत होता. 70, 85, मग 104. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मात्र आत जाणाऱ्या हवेचं तापमान 38. काकांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गाडी तिथेच थांबवून बॉनेट उघडलं.

हवा तापते ती दाबाच्या गुणोत्तरामुळे. सायकलचा पंप दाबताना नळी तापते, तोच प्रकार. ब्लोअरच्या आधी 35 किलोपास्कल आणि नंतर 49 असेल, तर मीटर व्हॅक्यूमच दाखवणार, पण गुणोत्तर 1.4 आहे. भर बूस्टमध्येही साधारण तेवढंच असतं. रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता बेताची, त्यामुळे एवढ्या गुणोत्तराला हवा पन्नासेक अंशांनी तापते. रस्त्यावर हे लक्षात येत नाही, कारण समोरून थंड हवेचा झोत असतो. रांगताना तो नसतो. त्यात या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक. खालून निखारा, वरून ब्लोअरची ऊब, आणि ब्लोअरचं सगळं धूड भाजून निघतं.

हे होऊ नये म्हणूनच बायपास व्हॉल्व्ह असतो. गाडी सावकाश चालू असताना व्हॅक्यूम त्याला उघडा धरतो, ब्लोअरने पुढे ढकललेली हवा पुन्हा त्याच्या मागे येऊन फिरत राहते, दाबाचा फरक उरत नाही आणि हवा तापत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते, बूस्ट येतो. इथे इंजिन आयडलला असताना व्हॉल्व्हची दांडी बंद स्थितीत होती. हातपंपाने व्हॅक्यूम दिला तर ती लगेच हलली. म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत. होजचा माग काढत गेलो. तो थ्रॉटलच्या बटरफ्लायच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या, आधीच्या तोंडाला जोडलेला निघाला. तिथे फक्त एअर फिल्टरची बाजू, व्हॅक्यूम येणार कुठून? जुन्या ब्लोअरबरोबर जोडणीची आकृती नव्हती, आणि दोन्ही तोंडं एकमेकांसारखीच दिसत होती.

होज बटरफ्लायच्या पुढच्या तोंडावर चढवला. मग हवेच्या तापमानाचा सेन्सर. कारखान्यात तो मॅनिफोल्डमध्ये असतो. फिटिंगच्या वेळी जागा अडचणीची वाटून तो फिल्टरच्या पाइपात गेला होता. त्यामुळे कॉम्प्युटर 38 अंश समजून पूर्ण टायमिंग देत होता, म्हणजे ठिणगी नेहमीइतकीच लवकर पाडत होता. या जीपला नॉक सेन्सरही नाही, ठोकतंय हे तिला स्वतःला कळायला काही मार्गच नाही. सेन्सर जागेवर आणला आणि गरम हवेला टायमिंग मागे घेणारा तक्ता नव्याने भरला.

त्याच चढावर पुन्हा गेलो. रांगताना प्रोबचा आकडा साठीच्या घरात थांबला. बूस्ट आला की नव्वदीपर्यंत जायचा, पाय उचलला की उतरायचा. शेवटच्या उभ्या टप्प्यावर काकांनीच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाने एकदाही ठोका दिला नाही. काका काही बोलले नाहीत, पुन्हा खाली उतरून त्यांनी तोच टप्पा परत चढवला. मला त्यांच्या कामाचं मनापासून कौतुक वाटलं. ब्रॅकेट, पट्ट्याची रेषा, इंधनाची बाजू, सगळं जिथल्या तिथे होतं.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, “आता लहान पुली टाकून बूस्ट 8 करायचा का?” मी नाही म्हणालो. कॉम्प्रेशन 8.8 ला एक, पिस्टन साधे ओतीव, नॉक सेन्सर नाही आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जागा नाही. उष्णता काढायची सोय झाल्याशिवाय पुलीला मी हात लावणार नाही. काका थोडे हिरमुसले. मग म्हणाले, “तो प्रोब काढू नकोस. बूस्ट मीटरच्या शेजारी त्याचा काटा बसव.” दुसऱ्या दिवशी मी डॅशबोर्डमधून त्याची वायर ओढली.