काट्यातली पाच अँपिअरची चूक

जुने टेस्ट बेंच हाती आले की अनेकांना आधी रंग खरवडून नवा चढवावासा वाटतो. मी मात्र आधी त्याचे मीटर खरे बोलतात का ते पाहतो, कारण त्या काट्यावर विश्वास ठेवूनच गिऱ्हाइकांना खर्च सांगितलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात सांगलीकडच्या एका मिस्त्रीकाकांचे डायनामो तपासण्याचे बेंच माझ्याकडे आले. मोटर, पट्टा, व्होल्टमीटर आणि ० ते ६० अँपिअरचा ॲमीटर, सगळे चालत होते. तक्रार एवढीच होती, की जुन्या गाड्यांची बॅटरी चार्ज करणारे, २२ अँपिअर देणारे लुकास सी-४० डायनामो त्यावर १८ च्या पुढे सरकत नव्हते आणि आर्मेचर (डायनामोचा फिरणारा भाग) रिवाइंड करूनही, म्हणजे त्यावर नवी तार गुंडाळूनही, फरक पडत नव्हता.

डायनामो बाजूला ठेवून मी बॅटरी आणि लोड जोडला. तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने ३० अँपिअर दाखवले, बेंचचा काटा मात्र २५ वर थांबला. मीटरचे चुंबक कमजोर झाले असावे असे वाटले. तरीही तो उघडण्याआधी मी मिलिव्होल्ट मोजले, आणि ते फार बरे झाले. अशा बेंचवर मोठा प्रवाह मीटरमधून जात नाही. तो शंटमधून, म्हणजे मँगॅनिन या मिश्रधातूच्या अगदी कमी रोधाच्या पट्टीतून जातो आणि ६० अँपिअरला शंटच्या टोकांवर पडणारे ७५ मिलिव्होल्ट मीटर वाचतो. इथे ३० अँपिअरला शंटवर बरोबर ३७.५ मिलिव्होल्ट होते, पण मीटरच्या स्क्रूंवर ३१ च पोहोचत होते. शंट आणि मीटर दोन्ही निर्दोष होते. दोष मधल्या तारांत होता.

उंदरांनी कुरतडलेल्या मूळ तारेच्या जागी कधीतरी बारीक तार नुसती पिळून जोडलेली होती आणि त्या जोडावर हिरवा गंज चढला होता. एरवी अशा तारेतल्या एका ओहमच्या रोधाकडे कुणी लक्षही देत नाही. पण इथे मीटरच्या कॉइलचा रोधच ५ ओहम असल्याने मिलिव्होल्टचा सहावा भाग तारेतच खर्च होत होता. मी जाड तार घालून तिच्या टोकांना लग (स्क्रूखाली बसणारी धातूची टोके) सोल्डर केले आणि १०, २०, ३०, ४० अँपिअरला काटा क्लॅम्प मीटरशी ताडून पाहिला.

काका येताना निकामी म्हणून बाजूला टाकलेले दोन डायनामो घेऊन आले. दोन्ही २२ वर गेले. काका बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात तिघांकडून रिवाइंडिंगचे पैसे घेतलेत मी. त्यांना बोलावून सांगायला हवं." मग माझ्याकडून कागद मागून त्यांनी त्यावर तीन नावे लिहिली.