होकायंत्राचं आणि सूर्याचं जुळेना

अंबेनळी घाटात बसाल्टच्या कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेले दंडगोल नमुने, काढायला फेब्रुवारीसारखा महिना नाही. खडक कोरडा असतो आणि ऊन तिरपं असतं. मे महिन्यात भरदुपारी सूर्य इथं जवळपास डोक्यावर येतो, सावली पायाशी गोळा होते आणि सावलीवरून दिशा काढणारा सन कंपास बॅगेतच राहतो.

त्या दिवशी बरोबर पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी, एम.एस्सी.ची दोन मुलं आणि गाडीवाले मामा. तिचा विषय दख्खनच्या लाव्हाचं पुराचुंबकत्व. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांच्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली, ती मोजायची.

सकाळी रस्त्याच्या कापातलं काम सुरळीत झालं. थराचा वरचा सच्छिद्र, झिओलाइट हे खनिज भरलेला भाग सोडायचा आणि खालचा घट्ट घ्यायचा. कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील तिथं ड्रिल लावायचंच नाही. धोंडा मूळ जागेवरच आहे ना, हे आधी ठोकून बघायचं. एका थरातून सहा-आठ कोअर, काही मीटर अंतरात पसरून. ड्रिलला चेनसॉचं पेट्रोल इंजिन, टोकाला हिऱ्याचं बिट, कोअरचा व्यास २५ मिमी, खोली ६ ते १० सेमी. पाणी शेतातल्या फवारणी पंपानं. पंपावरचा हात थांबला की दगडाचा लगदा बिटमध्ये घट्ट बसतो, बिट तापतं आणि कोअर आतच तुटून बिटबरोबर गरगर फिरते. अशी कोअर टाकून द्यायची. दिशा गेली की तो नुसता दगड.

कोअर मुळाशी जोडलेली असतानाच तिच्यावर खाचेची ॲल्युमिनियमची नळी चढवायची, वरची पट्टी समतल करायची, कोअरचा कल आणि दिशा वाचायची, सावलीचा कोन आणि मिनिटापर्यंत वेळ लिहायची, मग खाचेतून पितळी तारेनं रेघ ओढायची. बाहेर काढल्यावर रेघेवर बाण हवाच. बाण नसला तर बाहेरचं टोक कुठलं आणि आतलं कुठलं, हे प्रयोगशाळेतलं महागातलं यंत्रही सांगू शकत नाही.

जेवणानंतर डोंगराच्या वरच्या सोंडेवर गेलो. "सर, इथला खडक किती ताजा आहे, आणि उभं राहायलाही जागा आहे," ती म्हणाली. खरंच होता. पहिल्याच भोकाला होकायंत्र आणि सन कंपास यांच्यात ३४ अंशांचा फरक आला.

तिला वाटलं, वेळेचं गणित चुकलं. शंका रास्त होती. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आम्ही ७३.७ अंशांवर, म्हणजे सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे. त्यात फेब्रुवारीत आणखी १४ मिनिटांची भर, म्हणून माध्यान्ह एकला दहा कमी असताना. त्या सुमारास सूर्याची दिशा मिनिटाला जवळजवळ अर्धा अंश बदलते. पण वेळ चुकली असती तर सगळ्या भोकांना चूक एकाच बाजूला आली असती. हातभर अंतरावरच्या दुसऱ्या भोकाला फरक आला ११ अंश, तोही उलट बाजूला. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक या भागात एका अंशाच्या आतच असतो, तेव्हा तेही कारण नव्हतं.

"होकायंत्र खडकाला जवळजवळ टेकवून आडवं सरकव," मी म्हटलं.

वीतभर सरकवताच सुई भेलकांडली. या सोंडेवर कधीतरी वीज पडली होती. विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा, त्याच्याभोवतीचं क्षेत्र खडकाला नव्यानं चुंबकित करून जातं. नुकसान दुहेरी. खडकच सुई ओढतो म्हणून होकायंत्रानं घेतलेली दिशा चुकते, आणि मूळ चुंबकत्वावर नवं चढतं. पहिली चूक सन कंपासनं दुरुस्त करता येते. दुसरी प्रयोगशाळेत प्रत्यावर्ती, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानं टप्प्याटप्प्यानं पुसता येते, पण नेहमी नाही.

यातून अर्थ कसा बिघडतो ते तिथंच वहीत मांडलं. नुसती उत्तर दिशा चुकली तर भूखंड किती वळला याचं उत्तर चुकतं, अक्षांश मात्र वाचतो, कारण तो कलावरून, म्हणजे खडकातल्या चुंबकत्वाच्या दिशेनं आडव्या पातळीशी केलेल्या कोनावरून निघतो: कलाचा टॅन्जंट अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. कल ४५ अंश आला तर अक्षांश साधारण साडेसव्वीस, आणि दख्खनच्या बाबतीत तो दक्षिणेचा. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी याच खडकांवरून भारत उत्तरेकडे सरकल्याचं मांडलं, ते याच हिशेबानं. विजेनं खडकातलंच चुंबकत्व बदललं असेल तर कलही जातो.

सोंड सोडून दिली. तोच थर खाली ओढ्यात उघडा पडला होता. उतरून जायला तास गेला, पाण्याचे डबे मामांनी वाहिले. तिथं दोन्ही यंत्रांतला फरक दोन अंशांच्या आत राहिला.

नव्या संशोधकाच्या प्रकल्पात मोजणीचे पैसे असतात. असा उलटून गेलेला तास, जास्तीचं बिट, पुन्हा गाडी यांना खर्चाचं कलमच नसतं. मंजुरी देणाऱ्यांनी फेरनमुन्यांसाठी एखादा दिवस आधीच धरावा. आणि मार्गदर्शकानं पहिल्या फेरीला तरी स्वतः खडकापाशी उभं राहावं. फोनवर सुई दिसत नाही.

सोंडेवरच्या दोन कोअर फेकल्या नाहीत. त्यांच्यावर 'वीज' लिहून वेगळ्या पुड्या बांधल्या. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात प्रत्यावर्ती क्षेत्राची ताकद ५ मिलिटेस्लापासून चढवत जायची आणि दिशा कुठं स्थिरावते, की स्थिरावतच नाही, ते मुलांनी आलेखावर काढायचं.