तडकलेली सीडी आणि ४ एक्सचा वेग

मधल्या भोकापासून तडा गेलेली सीडी सरळ ड्राइव्हमध्ये घालू नका, असं मी माझ्याकडे सीडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ५२ एक्सचा, म्हणजे गाणी वाजवायच्या मूळ वेगाच्या ५२ पटीपर्यंत वाचणारा ड्राइव्ह मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात तडा वाढून चकतीचे आतच तुकडे होऊ शकतात.

एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी नेमकी तशीच सीडी आणली होती. तिच्यावर जात्यावरच्या ओव्या होत्या, २००३ मध्ये कॅसेटवरून उतरवलेल्या. कॅसेटना बुरशी लागली आणि गाणाऱ्या बायांपैकी आता कुणी उरलेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तडा नखाएवढा होता. सीडीवरचा डेटा केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होतो आणि तडा त्याच्या बराच आत थांबला होता, म्हणून मला आशा वाटली.

सीडी हळू फिरवून वाचायची होती. लिनक्सवर वेग बदलायला एक ओळ पुरते: ‘इजेक्ट’ कमांड, उणे एक्स आणि पुढे ४. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) सीडी ड्राइव्ह हाताळणारा ‘एसआर’ ड्रायव्हर त्या ४ ला १७७ ने गुणतो आणि ७०८ किलोबाइट प्रतिसेकंद हा आकडा ड्राइव्हला कळवतो. ड्रायव्हरचा अधिकार तिथे संपतो. मोटर किती फिरवायची ते ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलाच प्रोग्रॅम, ठरवतं. म्हणून आधी एक धडधाकट सीडी घड्याळ लावून वाचली. नव्या ड्राइव्हने कमांड बिनतक्रार घेतली आणि वेग जराही कमी केला नाही! ‘जमणार नाही’ असं त्याने स्पष्ट कळवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. कपाटातल्या जुन्या आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलच्या) ड्राइव्हने मात्र ऐकलं. ८० मिनिटांची सीडी त्याने २० मिनिटांत संपवली, म्हणजे बरोबर ४ एक्स.

दुसरी अडचण अशी, की ट्रे उघडला की ड्राइव्ह ठरवलेला वेग विसरतो. वर सीडी आत गेल्या गेल्या डेस्कटॉप तिच्यावरच्या फाइली उघडायला धावतो आणि मोटर वेग घेते. ते आपोआप माउंट होणं, म्हणजे सीडी आपणहून उघडली जाणं, बंद केलं. नवी सीडी दिसताच सगळ्यात आधी वेगाची कमांड जाईल, असा यूडेव्हचा (उपकरणांमधले बदल टिपून ठरलेलं काम करणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) नियम लिहिला. मगच बाईंची सीडी ट्रेमध्ये ठेवली आणि खराब डिस्कवरून जमेल तेवढा डेटा काढणारं डीडीरेस्क्यू सुरू केलं.

निम्म्यावर एका ओरखड्यापाशी ड्राइव्ह अडकला. वाट पाहून कर्नलने त्याला रीसेट केलं आणि ४ एक्सची मर्यादाही त्याबरोबर गेली. स्क्रीनवर काही उमटायच्या आधी मला ते आवाजावरून कळलं. घरघर चढत चढत शिट्टीसारखी होऊ लागली. वाचन तोडलं, कमांड पुन्हा पाठवली आणि मोटर खाली येईपर्यंत हात ड्राइव्हवर ठेवून उभा राहिलो. त्यानंतर सीडी लहान लहान तुकड्यांत वाचली, प्रत्येक तुकड्याआधी वेगाची कमांड पुन्हा. कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद डीडीरेस्क्यू ठेवतं, त्यामुळे आधीचं काही वाया गेलं नाही.

ओरखड्याखालचे थोडे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, आले नाहीत. दोन ओव्या मध्येच तुटतात, बाकीच्या सगळ्या ऐकू येतात. बाईंना दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती दिल्या आणि मूळ सीडीच्या पाकिटावर ‘ड्राइव्हमध्ये घालू नये’ असं ठळक लिहिलं.