आधी तो गालिचा उचला

खासगी विमानाने लंडनला जाऊन आले म्हटलं की लोक आधी फोटो मागतात. फोटो नाहीत, पेशंटच्या घरच्या वहिनींनी आधीच बजावलं होतं. शिवाय ‘जाऊन आले’ हेही अर्धंच खरं. गेले त्या विमानाने. आले कशी, ते शेवटी सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या पेशंट आजींचं वय ८३, उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून चार महिने झालेले. पणतीच्या बारशाला जाणारच म्हणून हटून बसल्या. डॉक्टर म्हणाले, जा, पण फिजिओ बरोबर हवी. म्हणून मी.

डोंबिवलीहून लोकलने कुर्ला, तिथून रिक्षा. ‘‘टी टू या डोमेस्टिक?’’ कलिनाचं आठ नंबर गेट, म्हणजे खासगी विमानांचं, म्हटल्यावर रिक्षावाल्याने आरशातून आधी मला पाहिलं, मग माझ्या बॅगेची तुटलेली चेन. निघायची वेळ दुपारची, कारण गर्दीच्या तासांत मुंबईत खासगी विमानांना जागा मिळणं मुश्कील. आत इमिग्रेशन, कस्टम्स, एक्स-रे सगळं तसंच; नाही ती फक्त रांग. मग गाडी थेट विमानाच्या पंखापाशी. गल्फस्ट्रीम जी६५०, शेपटीकडे माल्टा देशातल्या नोंदणीचा नंबर. कागदावर एका दमात जवळजवळ १३,००० किलोमीटर जाणारं विमान. लंडन म्हणजे त्याला जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त.

आणि समोर ती शिडी.

दारातूनच उलगडून खाली येते. अरुंद, उभी, आणि गुळगुळीत कठडा. साध्या विमानाला आजींना चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत नेलं असतं. एरोब्रिज नसला तर ॲम्ब्युलिफ्ट येते, माणसाला खुर्चीसकट दारापर्यंत उचलणारी गाडी. ती मी पंधरा दिवस आधी मागितली होती. चार्टरवाल्यांचा, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीचा, मुलगा प्रत्येक फोनला ‘डन मॅम’ म्हणत होता. ॲम्ब्युलिफ्ट आलीच नव्हती. आला होता एक लाल गालिचा, शिडीच्या तोंडाशी अंथरलेला, वाऱ्याने एक कोपरा फडफडणारा.

गुडघ्याच्या पेशंटच्या घरी गेल्यावर मी नमस्कारानंतर पहिलं काम करते ते सतरंज्या आणि पायपुसणी उचलायला लावायचं. पाय अडकतो तो त्यातच.

‘‘आधी तो गालिचा उचला.’’

‘‘मॅम, वेलकमसाठी आहे.’’

‘‘उचला.’’

पोराचा चेहरा पडला. इतक्या वेळा ‘डन’ म्हणून शेवटी त्याने खरोखर केलेलं काम तेवढंच होतं, आणि तेही मी गुंडाळायला लावलं. थोडं वाईट वाटलं. फार नाही.

मग आम्ही चढलो. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा; हे मी आजींना चार महिने घोकवलं होतं, पण घरच्या जिन्यावर. तिथे शेपटीतल्या छोट्या इंजिनाची शिटी कानात चालू नसते. मी मागे, एक हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. डावा वर, उजवा जोडीला. थांबा. श्वास. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्याच. नऊवारीचा काठ चिमटीत, कठड्यावरच्या बोटांची पेरं पांढरी. वरून पायलटने उचलून घेऊ का विचारलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पुढे आलेले हात कळले. ‘‘त्याला सांग, अंगाला हात लावायचा नाही.’’ मग माझ्याकडे न बघता, ‘‘कोल्हापूरच्या एसटीची पायरीसुद्धा एवढी उभी नव्हती गं.’’ आजींच्या घरचे साहेब खाली फोनवर होते. त्या वर पोचल्या तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

आत मात्र तक्रारीला जागा नाही, हे कबूल करते. खिडक्या लंबगोल, परातीएवढ्या. चौदा खुर्च्या, माणसं पाच. मला कुठे बसायचं कळेना, म्हणून मी मागच्या सोफ्यावर आजींच्या पायाशी बसले, आणि तीच जागा सगळ्यात चांगली निघाली. हवाईसुंदरीने सांगितलं, बाहेर ४५,००० फूट असले तरी आतला दाब चार-साडेचार हजार फुटांवरचा असतो. म्हणजे महाबळेश्वर! प्रवासी कंपन्यांच्या विमानांत तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरचा असतो. दर तासाला आजींना चालवलं, घोट्याचे व्यायाम घेतले, टेपने घोटा मोजला. सूज नाही. श्रेय महाबळेश्वरचं की माझ्या घट्ट मोज्यांचं, ते सोडून देते.

घोळ झाला तो डब्यावरून. आजींनी मेतकूट-भाताचा डबा आणला होता आणि कुणीतरी तो सामानात टाकला. या विमानात उडतानाही सामानाच्या कप्प्यात जाता येतं, पण वाट जाते मागच्या टॉयलेटमधून. मी आपली शहाणी, गेले आणि घेऊन आले. आजींनी सगळं पाहिलं.

‘‘संडासातून आणलास?’’

‘‘आजी, पलीकडे वेगळी खोली आहे.’’

‘‘वाट कुठून?’’

डबा मी खाल्ला. तासाला दहा लाखांच्या आसपासच्या त्या विमानात आजी साडेनऊ तास दोन केळी आणि चहावर राहिल्या. चांदीच्या चमच्यांनी सजवलेल्या ट्रेकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर सूर्य आमच्याबरोबर पश्चिमेला सरकत होता; दुपार संपतच नव्हती. खाली एक प्रवासी विमान पांढरी रेघ ओढत चाललेलं. आजी म्हणाल्या, ‘‘त्यात माणसं असतील ना भरपूर?’’

लंडनजवळच्या फार्नबरो विमानतळावर उतरलो तेव्हा अंधार आणि झिमझिम पाऊस. ब्रिटनमधलं पहिलं इंजिनाचं विमान १९०८ साली इथेच उडालं. आता इथे येतात ती मुख्यतः अशीच विमानं. उतरताना दुखरा पाय आधी. दोन तरुण छत्र्या घेऊन इतक्या आदबीने पुढे धावले की त्यांच्या छत्रीआड आजींना पायरीच दिसेना. आणि खाली? गालिचा. ओला.

‘‘हाही उचलायला सांग,’’ या वेळी आजीच म्हणाल्या.

बारसं थाटात झालं, बाळ झोपूनच होतं, लंडन मी गाडीच्या काचेतून पाहिलं.

आता परतीचं. आमचं भाडं एकाच बाजूचं होतं. मुंबईत दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं, म्हणून तेच विमान दुसऱ्या दिवशी रिकामं परत जाणार होतं. अशा रिकाम्या फेऱ्या स्वस्तात विकायला काढतात. कुणी घेतली नाही तर तशाच उडतात. ही कुणी घेतली नव्हती. माझं तिकीट होतं परवाचं, आखातात पाच तास थांबून. मी ‘डन’वाल्या मुलाला मेसेज केला, एका कोपऱ्यात बसून येईन. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘नॉट पॉसिबल मॅम’. इतक्या दिवसांत त्याने दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

आले मग मधल्या सीटवर. पहाटे चारला मुंबईत दार उघडलं तर एरोब्रिजवर चाकाच्या खुर्च्यांची रांग, आणि त्यात साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या दहा-बारा आज्या एकेक करून आरामात बसत होत्या. त्या सगळ्या गेल्यावर मी निघाले. घरी येऊन टेप काढला आणि माझाच घोटा मोजला. दीड सेंटीमीटर जास्त.