पंतांची कात

मिनेसोटातला जानेवारी. बाहेर उणे वीस, घरात दिवसरात्र हीटर. या कोरड्या हवेत माझे ओठ फुटतात, लेकीच्या टाचांना भेगा पडतात आणि पंतांची कात अडकते.

पंत म्हणजे आमचा सरडा. जातीने व्हेल्ड कमेलियन. त्याचं मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागात, पण आमचा हा इथेच पिंजऱ्यात जन्मला. डोक्यावर उंच शिखा, अगदी पगडी घातल्यासारखी, म्हणून लेकीने नाव ठेवलं पंत. फोनवर आईला सांगितलं तर तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "घोयरा पाळलास? अगं, आपल्याकडे तो झाडावर दिसला तरी पोरं दगड घेऊन धावतात." खरंच धावतात, मी पाहिलंय, आणि आजही त्याचं वाईट वाटतं. घोयरा विषारी नसतो. आपला भारतीय घोयरा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

पंतांचा पिंजरा चार फूट उंच, चारी बाजूंनी जाळीचा. आत आपला मनी प्लांट आणि जास्वंद. दोन्ही त्यांना चालतात, जास्वंदीची पानं-फुलं तर ते आवडीने खातात. वाडग्यातलं पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब चाटतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा लागतो.

मुख्य खाणं रातकिड्यांचं. त्यातली गोम कळायला मला वेळ लागला. रातकिडा ही नुसती करंजीची पारी, सारण आपण भरायचं. आदल्या दिवशी रातकिड्यांना गाजर, रताळं आणि हिरवा पाला पोटभर खायला घालते. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. म्हणून एका डब्यात कॅल्शियमची पूड घेऊन, बोंबील रव्यात घोळवावेत तसे ते घोळवायचे. वर अतिनील किरणांचा दिवा हवाच. त्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडून पाय वाकतात. किडा पंतांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. एक दिवसाआड पाच-सहा पुरेत. उरलेले रात्री पिंजऱ्यात सोडून देऊ नयेत, झोपलेल्या सरड्याला ते कुरतडतात.

जीभ सुटते ती क्षणार्धात, अंगापेक्षा लांब. आधी दोन्ही डोळे, जे एरवी दोन दिशांना फिरत असतात, एकाच किड्यावर येऊन थांबतात. मग मान किंचित पुढे, तोंड जरासं उघडं. 'टप्' असा बारीक आवाज. तीन वर्षं झाली, तरी मी दर वेळी श्वास रोखून बघते.

कात यायची असली की हे सगळं मंदावतं. अंगावरचे हिरवे-पिवळे पट्टे दुधाळ होतात, वर बटरपेपर चढवल्यासारखे. पंत डोळ्यांचे गोळे फुगवतात, डोकं फांदीवर घासतात, किड्याकडे बघतसुद्धा नाहीत. सापासारखी सलग कात नसते यांची. तुकड्या-तुकड्याने सुटते. वाढत्या वयात तीन-चार आठवड्यांनी कात टाकायचे, आता काही महिन्यांनी टाकतात.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून चूक झाली. कोपरावर एक पापुद्रा लोंबत होता. उन्हाने सोललेली कातडी आपण ओढतो तसा मी तो ओढला. तो अजून सुटलाच नव्हता. खालून लालसर ओली त्वचा उघडी पडली. पंत काळेठिक्कर पडले, तोंड वासून फुस्सकन माझ्यावर आले. सरडा रंग बदलतो तो फसवायला, असं आपण म्हणतो. त्या रंगात निव्वळ वेदना आणि भीती होती. जखम भरली, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही. माया म्हणजे हात लावणं, कुरवाळणं, अशा घरात मी वाढले. पंतांना हे काहीच नको असतं.

या जानेवारीत मागच्या पायाच्या एका बोटाला कातीचं वेढं राहिलं. हे धोक्याचं. बोटाला किंवा शेपटीच्या टोकाला असं वेढं आवळलं की रक्त थांबतं आणि तो भाग वाळून जातो. घरातला दमटपणा मोजला तर जेमतेम वीस टक्के. मग खोलीत वाफेचं यंत्र लावलं, फवारा जास्त वेळ मारला, पण मधे पिंजरा पूर्ण सुकू दिला, कारण सतत ओलं राहिलं तर फुप्फुसं बिघडतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, "बोट सुजलं किंवा काळं पडलं तर लगेच आणा. तोवर ओढू नका." दर दोन तासांनी विजेरी घेऊन मी ते बोट बघत होते.

तिसऱ्या संध्याकाळी लेकीने हाक मारली. मनी प्लांटच्या देठावर पांढरी, तांदळाच्या दाण्याहून लहान नळी अडकली होती. आरपार दिसणारी, तिच्यावर खवल्यांची बारीक जाळी. पंतांचं बोट गुलाबी आणि मोकळं होतं.

लेकीने ती नळी काड्यापेटीत कापसावर ठेवली आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. आईने चष्मा लावला, फोन अगदी नाकाशी नेला.

"नखाचं टोकही आलंय का गं?"

आलं होतं.