जावक क्रमांक नसलेलं पत्र आणि माझा कपलर

एम.ई.ला मायक्रोवेव्ह सर्किट डिझाइन घेतलं तेव्हा सीनियर्सनी स्मिथ चार्टची, म्हणजे इम्पिडन्स जुळवायच्या त्या गोल आलेखाची, भीती घातली होती. तो महिन्याभरात हाताला बसला. मला रडवलं ते एका पत्राने.

प्रोजेक्ट होता २.४ गिगाहर्ट्झचा ब्रँचलाइन कपलर, म्हणजे सिग्नल दोन आउटपुटांत निम्मा-निम्मा, ९० अंशांच्या फरकाने वाटणारं सर्किट. तो १.६ मिमी जाड एफआर-४ बोर्डावर, म्हणजे नेहमीच्या फायबरग्लासच्या सर्किट बोर्डावर. ५० ओहमची तांब्याची पट्टी साधारण ३ मिमी रुंद, ३५ ओहमची ५ मिमी, लांबी १७ मिमीच्या आसपास. सिम्युलेशन, एचिंग, सोल्डरिंग, सगळं वेळेत झालं. पण मोजणार कशावर? आमच्या कॉलेजातला व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, असं सर्किट मोजायचं यंत्र) दुरुस्तीला गेलेला. दुसऱ्या एका संस्थेत होता, तिथे अर्ज करायचा.

पहिल्यांदा डोंबिवलीहून लोकलला लटकत गेले. पत्रावर गाइडची सही, एचओडींची सही, गोल शिक्का. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "जावक क्रमांक कुठाय?" परत कॉलेज. जावक नोंदवणारे क्लार्क जेवणानंतर भेटणार, आणि त्या दिवशी ते अर्ध्या रजेवर. दुसऱ्या खेपेला क्रमांक होता, तर फ्रिक्वेन्सी रेंज लिहिलेली नव्हती. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? अर्जात काय काय लागतं याचा एक कागद खिडकीवर चिकटवला असता तर माझ्यासारख्या कितीजणांच्या खेपा वाचल्या असत्या. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, आणि स्लॉट मिळाला सतरा दिवसांनी. दोन तासांचा. सबमिशन तोंडावर आलेलं, रात्री झोप लागत नव्हती. म्हणून सांगते, विषय ठरला की त्याच दिवशी अर्ज टाका. बोर्ड नंतर बनवा.

त्या दोन तासांतला पाऊण तास कॅलिब्रेशनने, म्हणजे मोजण्याआधी ठरलेले तुकडे जोडून यंत्र जुळवून घेण्याने, खाल्ला. शॉर्ट, ओपन, लोड, थ्रू सगळं झालं आणि मी स्टार्ट फ्रिक्वेन्सी बदलली. पुन्हा पहिल्यापासून. रेंज आधी ठरवा, मग केबलला धक्का लावू नका.

कपलरला चार पोर्ट, व्हीएनएला दोन. उरलेल्या दोन पोर्टांना ५० ओहमची टर्मिनेशन्स, म्हणजे सिग्नल शोषून घेणारी टोपणं, लागतात. ती मी लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. त्यातलं एक खराब निघालं. दुकानातच मल्टिमीटर लावा, ५० च्या आसपास दाखवायलाच हवं.

माझ्या कपलरची मध्य फ्रिक्वेन्सी २.४ ऐवजी २.३३ गिगाहर्ट्झवर आली. पट्टीची लांबी ज्यावर ठरते तो एफआर-४चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट आम्ही ४.४ धरला होता, पण तो प्रत्येक शीटला तेवढाच नसतो. लांबी अर्धा मिमी कमी करून दुसरा बोर्ड केला, पुन्हा अर्ज, या वेळी जावक क्रमांकासकट. २.४ वर दोन्ही आउटपुट उणे साडेतीन डीबीच्या जवळ, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे, आले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच!

हो, पेनड्राइव्ह न्या. स्क्रीनचा फोटो पुरत नाही. पोर्टांच्या प्रत्येक जोडीची एस२पी फाइल (मोजलेल्या आकड्यांची फाइल) घ्या, ९० अंशांचा फेज फरक मला त्यातूनच दाखवता आला.